थोड्या पॉइंटांत मोठं हॉटेल

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक गटाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



विषयाचं नाव नोटीस बोर्डावर वाचून काही जणांना वाटलं असेल की हे पेन्शनर गृहस्थ आता टाइमशेअर विकायला निघाले. तसं काही नाही. मी कुठल्याही हॉटेलचा, कार्डाचा किंवा बँकेचा एजंट नाही. पण गेल्या वर्षी आम्ही दोघं गोव्याला जाऊन आल्यापासून लिफ्टमध्ये जो भेटतो तो विचारतो, "काका, पाच दिवस फाइव्ह स्टारमध्ये फुकट राहिलात म्हणे?" शेवटी सेक्रेटरीसाहेब म्हणाले, एकदाच सगळ्यांना सांगून टाका. तर सांगतो. फुकट हा शब्द तेवढा काढून टाका. बँकेत काही फुकट नसतं आणि हॉटेलात तर नसतंच नसतं. स्वस्तात मात्र मिळतं, आणि ते कसं हे समजायला बँकेत असण्याची गरज नाही, भागाकार आला की पुरे.

आपल्या पिढीचा प्रवास तुम्हाला माहीतच आहे. चार वर्षांतून एकदा एलएफसी, त्यात दक्षिण भारत किंवा काश्मीर. मधल्या वर्षांत बँकेचं हॉलिडे होम. महाबळेश्वरला दोन खोल्या, एक गॅस, चार पातेली, आणि चादरी घरून न्यायच्या. मजा यायची, नाही कशाला म्हणू? पण मोठं हॉटेल म्हणजे बाहेरून बघायची गोष्ट. ताज १९०३ साली सुरू झालं. आपल्यातल्या कितीतरी जणांनी तीस-तीस वर्षं फोर्टात नोकरी केली, पाहुण्यांना गेटवेला नेलं, ताजसमोर फोटो काढले. आत गेलेले किती? हात वर करू नका, मला माहीत आहे.

मी मात्र हॉटेलांच्या कर्जाच्या फायली पाहिल्या आहेत. त्यात एक आकडा कायम विचारायचा असतो, शंभरातल्या किती खोल्या रोज भरतात. कारण आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. चेंबूर स्टेशनबाहेर रात्री नऊ वाजता मेथीची जुडी निम्म्या भावात मिळते ना, तोच हिशोब. मेथी निदान डोळ्यांना सुकलेली दिसते, खोलीचं नुकसान दिसतही नाही.

पॉइंटांचा धंदा या रिकाम्या खोलीवर उभा आहे. अमेरिकेत १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या प्रवाशांना मैल मोजून बक्षीस द्यायला सुरुवात केली, १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेलवाल्यांनी तेच उचललं. आता प्रत्येक मोठ्या साखळीची योजना आहे. मॅरियटची बॉनव्हॉय, हिल्टनची ऑनर्स, हयातची वर्ल्ड ऑफ हयात, अकॉरची ऑल, आयटीसीची क्लब आयटीसी. ताजची योजना आता टाटा न्यूमध्ये आहे. सभासदत्व सगळीकडे विनामूल्य. नाव, फोन, ईमेल दिलं की नंबर मिळतो.

आता आतली गोष्ट. तुम्ही पॉइंट देऊन राहता तेव्हा त्या रात्रीचे पैसे हॉटेलला योजना चालवणारी कंपनी देते. साधारणपणे हॉटेल रिकामं असेल तर थोडे देते, जवळजवळ भरलं असेल तर नेहमीच्या भाड्याच्या आसपास. म्हणजे शांत दिवसांत तुम्ही पॉइंटवर गेलात तर सगळेच खूश. गर्दीच्या दिवसांत गेलात तर पॉइंट जास्त तरी मागतील, नाहीतर पॉइंटवाली खोलीच दाखवणार नाहीत. बाकी सगळ्या युक्त्या यातून निघतात.

पॉइंट दोन जातींचे. कर्जाच्या व्याजासारखेच, फिक्स्ड आणि फ्लोटिंग. टाटांचं एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया. अकॉरचे २,००० पॉइंट म्हणजे ४० युरो. हे फिक्स्ड. गणपतीत वापरा की शिमग्यात, किंमत तीच. ज्यांना डोक्याला ताप नको त्यांनी हेच घ्यावेत. आपल्याला वांद्रे-कुर्ला संकुलातलं सोफिटेल किंवा जुहूचं नोव्होटेल जवळ, ती दोन्ही अकॉरची.

मॅरियट आणि हिल्टनचे फ्लोटिंग. पूर्वी त्यांचेही तक्ते असत, अमुक दर्जाच्या हॉटेलला अमुक पॉइंट. हिल्टनने २०१७ मध्ये तक्ता काढून टाकला, मॅरियटने मार्च २०२२ मध्ये. आता पॉइंटांचा भाव रोज बदलतो. हयातने तक्ता ठेवला आहे. आठ श्रेण्या, पहिल्या श्रेणीत रात्रीला सगळ्यात कमी पॉइंट आणि आठव्या श्रेणीत सगळ्यात जास्त. परदेशाच्या तुलनेत भारतातली बरीच हॉटेलं खालच्या श्रेण्यांत येतात, हे आपलं भाग्य. स्वस्तातला मुक्काम सापडतो तो या फ्लोटिंगवाल्यांकडे आणि हयातकडे. महागातलाही तिथेच सापडतो.

म्हणून भागाकार. समजा एका हॉटेलचं भाडं १४,००० रुपये. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी, म्हणजे १६,५२० झाले. तीच खोली २०,००० पॉइंटांत मिळते. भागा. एका पॉइंटचे साधारण ८२ पैसे आले. दुसऱ्या हॉटेलचं भाडं ७,०००. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्केच कर, म्हणजे ७,३५०. तिथे १५,००० पॉइंट मागतात. एका पॉइंटचे ४९ पैसे. दुसऱ्या हॉटेलात सरळ पैसे भरा आणि पॉइंट पहिल्यासाठी ठेवा. लोक नेमकं उलटं करतात. पॉइंट कमी दिसले की खूश होतात, भाडं बघतच नाहीत. पॉइंटच्या बुकिंगवर कर किंवा आणखी काही आकार लागतोय का, ते शेवटच्या पानावर वाचून मगच बटण दाबायचं.

आता केव्हा जायचं. इथे आपण जिंकतो. माझा मुलगा आणि सून दोघं नोकरीत. त्यांना शुक्रवारी रात्री निघून रविवारी परत यायचं असतं, शाळेला सुट्टी असते तेव्हाच जायचं असतं. सगळं जग त्याच दिवशी खंडाळ्याच्या घाटात. आपल्याकडे मंगळवार आहे. पॉइंटांपेक्षा मोठी मालमत्ता आहे ही.

फिरायच्या ठिकाणची हॉटेलं, म्हणजे गोवा, महाबळेश्वर, अलिबाग, लोणावळा, शनिवार-रविवारी महाग आणि सोमवार ते गुरुवार स्वस्त. कामाच्या गावातली बरोबर उलट. पुण्यात किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात आठवडाभर कंपन्यांची माणसं असतात, शनिवार-रविवारी खोल्या ओस. आणि रविवारची रात्र दोन्हीकडे बहुधा स्वस्त, कारण फिरणारे गेलेले असतात आणि कामवाले अजून यायचे असतात.

दुसरं साधन तुमच्या भिंतीवर टांगलेलं आहे, कालनिर्णय म्हणा की पंचांग. मोठ्या हॉटेलांचा धंदा लग्नांवर चालतो. मुहूर्ताचे दिवस म्हणजे हॉटेल भरलेलं, लॉबीत ढोल, आणि नाश्त्याला रांग. पितृपक्षात लग्न नाही, साखरपुडा नाही, लोक नवीन काही करत नाहीत. आम्ही गोव्याला गेलो ते पितृपक्षातच. हिचं म्हणणं होतं की या दिवसांत कुठे जायचं असतं का. मी म्हटलं, वडिलांची तिथी करून दुसऱ्या दिवशी निघू, वडील काही रागावणार नाहीत, त्यांनी जन्मभर थर्ड क्लासने प्रवास केला. रात्रीला १२,००० पॉइंट लागले. त्याच खोलीला नाताळच्या आठवड्यात जवळजवळ चौपट मागत होते. तसाच अधिक महिना. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, तेव्हाही मुहूर्त नाहीत. फक्त मे महिन्यात थंड हवेच्या ठिकाणी जाऊ नका, तिथे मुहूर्त नसले तरी गर्दी असते. जूनचा पहिला पंधरवडा आणि पुण्यासारखं शहर असं काहीतरी बघा.

मॅरियटमध्ये आणखी एक सवलत. लागोपाठ पाच रात्री पॉइंटवर घेतल्या तर चारांचेच पॉइंट जातात, सगळ्यात स्वस्त रात्र माफ. सभासदाला काही विशेष दर्जा लागत नाही. हिल्टनमध्येही पाचवी रात्र माफ होते, पण तिथे किमान सिल्व्हर दर्जा हवा. आमचे पाच रात्रींचे ४८,००० पॉइंट झाले. त्या आठवड्यात रोखीने गेलो असतो तर करासकट छप्पन्न हजार रुपये पडले असते. तरुण मंडळी म्हणतात पाच दिवस एका हॉटेलात काय करणार? आपल्या गुडघ्यांना विचारा. रोज सामान बांधायचं नाही, रोज नवी पायरी चढायची नाही, यासारखं सुख नाही.

मग हे पॉइंट आणायचे कुठून, हा प्रश्न आलाच. पहिली जागा म्हणजे मुलं. आयटीत, सल्लागार कंपन्यांत असलेली मुलं कंपनीच्या खर्चाने हॉटेलात राहतात आणि पॉइंट त्यांच्या स्वतःच्या नावावर पडतात. अनेकांनी सभासद नंबरच दिलेला नसतो. मॅरियटमध्ये साध्या सभासदालाही बहुतेक हॉटेलांत खर्चाच्या प्रत्येक डॉलरमागे १० पॉइंट मिळतात. रविवारी फोन आला की तब्येतीनंतर हा विषय काढा. मॅरियटच्या सभासदाला वर्षाला एक लाखापर्यंत पॉइंट दुसऱ्या सभासदाला विनामूल्य देता येतात. हिल्टनमध्ये अकरा जणांचं मिळून एकत्र खातं करता येतं. आमच्या गोव्याचे बरेचसे पॉइंट मुलाकडूनच आले. त्याला ते वापरायला सवड नव्हती.

दुसरी जागा हॉटेलचं रेस्टॉरंट. तिथे मुक्काम नसला तरी बऱ्याच ठिकाणी जेवणाच्या बिलावर पॉइंट मिळतात. साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन असले कार्यक्रम हल्ली हॉटेलांत होतात. बिल भरण्याआधी नंबर सांगा, नंतर सांगून उपयोग नसतो.

तिसरी जागा कार्ड. इथे जरा थांबतो. आपल्या देशात पहिलं क्रेडिट कार्ड सेंट्रल बँकेने १९८० साली आणलं, तेव्हा आम्ही बँकवाले हसलो होतो की उधारीला प्लॅस्टिक कशाला. आज कार्डांच्या पॉइंटांचं रूपांतर हॉटेलच्या पॉइंटांत करता येतं. ऑगस्ट २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेने मॅरियटबरोबर कार्ड काढलं. त्याची वर्षाची फी ३,००० अधिक जीएसटी, म्हणजे ३,५४०, आणि त्याबदल्यात दरवर्षी १५,००० पॉइंटांपर्यंतची एक रात्र, अशी त्याची रचना. साडेतीन हजारांत चांगली रात्र मिळते, हिशोब वाईट नाही. पण अर्ज करण्याआधी त्या दिवशीच्या अटी वाचा. कुठल्याही कार्डाच्या पॉइंटांचं रूपांतर एकदा झालं की परत फिरत नाही, हेही ध्यानात ठेवा. आधी खोली शोधा, मग रूपांतर करा. आणि वयामुळे कार्ड नाकारलं तर वाईट वाटून घेऊ नका. काही बँका मुदत ठेवीवर कार्ड देतात, ते घेता येतं.

मात्र ज्याला महिन्याचं पूर्ण बिल वेळेवर भरायची सवय नाही त्याने या वाटेला जाऊच नये. थकलेल्या रकमेवर महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज होतं, वर जीएसटी. ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. बिलावर 'किमान देय रक्कम' असं छापलेलं असतं. तेवढीच भरणाऱ्याला आम्ही बँकेत सोन्याची कोंबडी समजायचो.

आता जरा वेगळी गोष्ट सांगतो. वहिनी इथे बसल्या आहेत, त्यांना विचारूनच सांगतोय. आपल्या सोसायटीतले आमचे एक स्नेही औषध कंपनीत होते. महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी. एका साखळीचे लाखाच्या वर पॉइंट त्यांच्या नावावर साठले होते. संध्याकाळी डायमंड गार्डनला फेऱ्या मारताना मी म्हणायचो, अहो वापरा. ते म्हणायचे, "लग्नाला पन्नास वर्षं होऊ देत, मग हिला घेऊन थाटात जातो." सत्तेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

माणूस अत्यंत व्यवस्थित. मी वहिनींबरोबर कागदपत्रं करायला बसलो तेव्हा बँकेचं नॉमिनेशन होतं, पोस्टाचं होतं, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचंही होतं. पंधरा दिवसांत सगळं मार्गी लागलं. पॉइंटांच्या खात्यात नॉमिनेशनचा रकानाच नव्हता. कंपनीला ईमेल केली. दहा दिवसांनी उत्तर आलं की सभासदाच्या निधनानंतर नियमाप्रमाणे खातं बंद करण्यात आलं आहे, आपल्या दुःखात सहभागी आहोत. मी आणखी भांडायला निघालो होतो. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. मला हॉटेल नकोच होतं हो. न्यायची हौस त्यांना होती."

बँकेत खातं दोन वर्षं हाललं नाही तर निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण ते पैसे तुमचेच राहतात. तुम्ही किंवा तुमचे वारस केव्हाही मागू शकता. शोधायला २०२३ पासून उद्गम पोर्टल आहे. पॉइंटांचं तसं नाही. मोठ्या योजनांच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं असतं की पॉइंट ही सभासदाची मालमत्ता नाही. मॅरियट, हिल्टन, हयात यांच्याकडे २४ महिने खात्यात काही हालचाल नसेल तर पॉइंट जातात. अकॉरकडे १२ महिन्यांत. शिवाय कंपनी उद्या भाव दुप्पट करू शकते, तुम्हाला विचारणार नाही. मुदत ठेव ठेवा, सोनं ठेवा, पॉइंट ठेवू नका. नातवाच्या मुंजीसाठी तर मुळीच नाही.

ज्यांना पहिल्यांदा जायचं आहे त्यांनी पहिली रात्र गावातच काढावी असं माझं मत आहे. चेंबूरला बसून सगळं जवळ आहे. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने कालिन्याला ग्रँड हयात, फ्रीवेने थेट दक्षिण मुंबई. एका रविवारी दुपारी जा, सोमवारी दुपारी परत या. प्रकृतीची काळजी नाही, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. आणि दारातून आत जायचा संकोच एकदाचा जातो. दारवान सलाम करतो तेव्हा त्याला परत नमस्कार करायला हरकत नाही, मी करतो.

बुकिंग करताना काही गोष्टी फोनवर सांगून ठेवा. बाथरूममध्ये टब नको, उभ्याने शॉवरची सोय हवी. टबमध्ये पाय टाकून चढणं हे आपल्या वयात गिर्यारोहण आहे. भिंतीला धरायला दांडी असलेली खोली मागा. लिफ्टजवळची मागा. खोली मुलाच्या पॉइंटांवर घेतली असेल तर राहणाऱ्याचं नाव आधी घालून घ्या, काउंटरवर आधार कार्ड बघतात. पॉइंटवर घेतलेल्या खोलीत नाश्ता बहुधा नसतो. दोघांच्या नाश्त्याला दोन-अडीच हजार सहज लागतात, म्हणून आधी विचारा. खोलीत किटली असते आणि आमच्या पिशवीत मेतकूट, लाडू आणि तयार उपम्याची पाकिटं असतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. बुकिंग कोणत्या तारखेपर्यंत रद्द करता येईल तेही लिहून फ्रिजवर चिकटवा. मुदतीत रद्द केलं तर पॉइंट खात्यात परत येतात, आणि आपल्या वयात रद्द करायची वेळ येते.

आणखी एक गोष्ट, कृपा करून सगळ्यांनी ऐका. फोनवर निरोप येतो, "तुमचे ९,००० रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपत आहेत, खालील ॲप उतरवून घ्या." तो चोर आहे. स्टेट बँकेने स्वतः असा इशारा दिलेला आहे की आम्ही असली लिंक किंवा ॲप पाठवत नाही. ॲप उतरवलं की फोनचा ताबा जातो, ओटीपी त्यांना दिसतो आणि खातं साफ होतं. पॉइंट खरोखर संपत असतील तर संपू द्या. कुणाच्या बाबतीत असं घडलंच तर लाजत बसू नका, मुलांना कळेल म्हणून लपवू नका, लगेच १९३० ला फोन करा आणि मग बँकेला. पहिला तास महत्त्वाचा असतो.

ज्यांना सभासदत्व घ्यायचं आहे त्यांनी येत्या मंगळवारी चार वाजता सोसायटीच्या ऑफिसात फोन आणि चष्मा दोन्ही घेऊन यावं. पासवर्ड मला सांगायचा नाही, स्वतः टाइप करायचा. मी फक्त कुठे बोट लावायचं ते दाखवीन.

(भाषणानंतर प्रश्नोत्तरं झाली. परदेशातल्या हॉटेलांबद्दल विचारलं गेलं, त्याचा हिशोब तोच, फक्त तिथे शहराचा वेगळा कर रोखीने भरावा लागू शकतो, तेवढा खिशात ठेवा. शेवटचा प्रश्न सी विंगमधल्या वहिनींचा होता: शाम्पूच्या छोट्या बाटल्या घरी आणल्या तर चालतात का? चालतात. टॉवेल चालत नाही. पण आता बऱ्याच हॉटेलांनी मोठ्या बाटल्या भिंतीलाच बसवल्या आहेत, हे ऐकून सभागृहात थोडी हळहळ व्यक्त झाली आणि सगळे चहाला गेले.)